‘स्माइल प्लीज’ म्हणताच हसू का मावळते?

चेन्नईच्या दक्षिणेकडील तांबरम या उपनगरात चेहऱ्याचे छायाचित्र काढण्याचे दोन परस्परविरुद्ध नियम शेजारीशेजारी नांदतात. येथील पासपोर्ट सेवा केंद्रात अर्जदाराचे छायाचित्र खिडकीवरच घेतले जाते. त्या वेळी चेहरा निर्विकार, तोंड मिटलेले आणि डोळे पूर्ण उघडे असावेत, अशी अपेक्षा असते. तोच माणूस त्याच दिवशी एखाद्या फोटो स्टुडिओत गेला, तर त्याला ‘कोंजम सिरिंगा’, म्हणजे ‘जरा हसा’, असे सांगितले जाते. पहिली सूचना बहुतेकांना पाळता येते. दुसरी सूचना ऐकताच मात्र भल्याभल्यांचा चेहरा अवघडतो.

मराठीत या अवघडलेल्या हास्याला नेमका शब्द आहे: कसनुसे हसू. लग्नाच्या अल्बममध्ये, शाळेच्या समूहचित्रात आणि सहलीच्या छायाचित्रांत ते सर्वत्र आढळते. समोरची व्यक्ती एरवी मनमोकळी हसणारी असते, छायाचित्रकारही आपल्या कामात तरबेज असतो, तरीही हाती येते ते उसने हसू. यामागे कोणाचा निष्काळजीपणा नसून मानवी चेहऱ्याची रचनाच आहे, असे या विषयाचा अभ्यास सांगतो.

प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु घरातील ज्येष्ठ व्यक्ती गेल्यानंतर भिंतीवरील तसबिरीसाठी छायाचित्राची शोधाशोध सुरू होते, तेव्हा त्याचे गांभीर्य ध्यानात येते. अनेक घरांत अखेरीस पासपोर्टसाठी किंवा बँकेच्या खात्यासाठी काढलेले छायाचित्रच मोठे करून घेतले जाते, अथवा कोणाच्या तरी लग्नातील समूहचित्रातून चेहरा कापून काढला जातो. आयुष्यभर हसतमुख म्हणून ओळखली गेलेली व्यक्ती पुढील पिढ्यांना मग गंभीर, किंचित घाबरलेल्या मुद्रेत भेटत राहते.

हास्याचे दोन स्नायू

हास्याच्या शास्त्रीय अभ्यासात फ्रेंच वैद्य गियोम द्युशेन यांचे नाव प्रथम घेतले जाते. १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी चेहऱ्याच्या निरनिराळ्या स्नायूंना विजेचा सौम्य प्रवाह देऊन कोणते भाव उमटतात, याची छायाचित्रांसह नोंद केली. त्यांच्या प्रयोगांत सहभागी झालेल्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांच्या चेहऱ्याची संवेदना गेलेली असल्याने त्यांना या प्रवाहाचा त्रास होत नसे.

द्युशेन यांना असे दिसले की, ओठांचे कोपरे वर खेचणारा गालाचा स्नायू विजेने उत्तेजित केला, तर तोंड हसते. चेहरा मात्र हसल्यासारखा वाटत नाही. खऱ्या आनंदाच्या वेळी डोळ्यांभोवतीचा वर्तुळाकार स्नायूही आकुंचन पावतो. त्यामुळे गाल वर उचलले जातात, डोळे किंचित बारीक होतात आणि त्यांच्या बाहेरील कोपऱ्यांशी बारीक सुरकुत्या उमटतात. चार्ल्स डार्विन यांनी भावाविष्कारावरील १८७२ च्या ग्रंथात द्युशेन यांच्या छायाचित्रांचा उपयोग केला. पुढे विसाव्या शतकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी डोळ्यांसह उमटणाऱ्या या हास्याला ‘द्युशेन हास्य’ असे नाव दिले.

अर्थात, डोळ्यांभोवतीचा स्नायू कधीच हुकमाने हलत नाही, असे आता मानले जात नाही. बऱ्याच लोकांना तो प्रयत्नपूर्वक आकुंचित करता येतो, असे अलीकडच्या संशोधनात आढळले आहे. कसलेले अभिनेते तर हे रोजच करतात. तरीही सामान्य माणसाला अनोळखी जागी, दिव्यांच्या झोतात आणि चार लोकांच्या देखत ते साधत नाही.

याचे एक कारण मेंदूत दडलेले आहे. ठरवून केलेले हास्य आणि आपोआप उमटणारे हास्य यांच्या आज्ञा मेंदूतून वेगवेगळ्या मार्गांनी चेहऱ्यापर्यंत पोहोचतात. पक्षाघाताच्या काही रुग्णांमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. डॉक्टरांनी ‘हसून दाखवा’ असे सांगितल्यावर अशा रुग्णाच्या तोंडाची एकच बाजू हलते. पण एखाद्या विनोदाला तो दाद देतो, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या हसतात. काही रुग्णांत याच्या नेमके उलट घडते. ‘स्माइल प्लीज’ ही सूचना पहिल्या मार्गाला दिलेली आज्ञा असते. छायाचित्रकाराला हवे असते ते दुसऱ्या मार्गाने येणारे हास्य.

दुसरे कारण वेळेचे आहे. सहज हास्य हळूहळू उमलते आणि तसेच विरते. त्याचे आयुष्य साधारणपणे अर्ध्या सेकंदापासून चार सेकंदांपर्यंत असते. ‘एक, दोन, तीन’ म्हणण्यातच तीनेक सेकंद जातात. त्यात छायाचित्रकाराने ‘थांबा हं, काकांनी मान खाली घातली’ अशी भर घातली, की मूळ हास्य केव्हाच ओसरलेले असते आणि चेहऱ्यावर त्याचा सांगाडा तेवढा उरतो. मोजणी करून बटण दाबण्याची प्रथा सर्वत्र रूढ आहे आणि सहज हास्याची सर्वाधिक हानी बहुधा तीच करते.

गंभीर चेहऱ्यांचे शतक

जुन्या छायाचित्रांत कोणी हसत का नाही, याचे उत्तर बहुतेकदा तंत्राच्या मर्यादांत शोधले जाते. ते अंशतः बरोबर आहे. १८३९ मध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला, तेव्हा एका चित्रासाठी काही मिनिटे स्थिर बसावे लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावला जाई. भारतात ही कला लवकर रुजली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकारांपैकी एक होते. मद्रासमध्येही त्याच दशकात अशी संस्था उभी राहिली.

तथापि, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेकंदाच्या अंशात छायाचित्र घेणे शक्य झाल्यावरही चेहरे गंभीरच राहिले. छायाचित्र हा खर्चाचा आणि प्रतिष्ठेचा विषय होता. तैलचित्रांतील राजे-सरदार दात दाखवीत नसत, म्हणून स्टुडिओत बसणारा वकील किंवा व्यापारीही दाखवीत नसे. ‘बत्तिशी दाखवणे’ या मराठी वाक्प्रचारातील तिरकसपणा त्या काळाच्या शिष्टाचाराशी सुसंगतच आहे. याला सर्वांत ठळक अपवाद महात्मा गांधींचा. त्यांची बोळक्या तोंडाने खळखळून हसतानाची छायाचित्रे आजही सर्वपरिचित आहेत.

पाश्चात्त्य देशांत चित्र पालटले ते कोडॅकच्या हौशी कॅमेऱ्यांमुळे आणि त्यांच्या जाहिरातींमुळे, असे माध्यम-अभ्यासकांचे एक मत आहे. सुट्टी, सहल आणि सण यांच्याशी छायाचित्र जोडले गेले आणि हसणे हा त्याचा नियम बनला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकी शाळांच्या वार्षिकांतील सुमारे ३८ हजार छायाचित्रांचा संगणकाद्वारे अभ्यास केला. १९०५ पासून पुढे ओठांची वक्रता सातत्याने वाढत गेल्याचे त्यात दिसून आले.

‘चीज’ म्हणण्याची युक्ती अमेरिकी वृत्तपत्रांत १९४० च्या दशकात आढळते. त्या शब्दातील दीर्घ ‘ई’ उच्चारताना ओठ आडवे ताणले जातात, एवढेच त्यामागील शास्त्र. चीनमध्ये त्यासाठी वांग्याचे नाव घेतात, कोरियात किमचीचे. मराठीत ‘पाणीपुरी’ म्हटल्यानेही ओठ तितकेच ताणले जातील, शिवाय नावानेच हसू येण्याची शक्यता अधिक. मात्र कोणत्याही शब्दाने ताणले जाते ते तोंड. डोळ्यांपर्यंत त्याचा परिणाम पोहोचत नाही.

चेहऱ्याऐवजी माणसाकडे लक्ष

अनुभवी छायाचित्रकार म्हणूनच हसण्याची विनंती करीत नाहीत. हसू येईल अशी परिस्थिती निर्माण करतात आणि ते आले की टिपतात. अमेरिकेत स्थायिक झालेले छायाचित्रकार फिलिप हाल्समन यांची पद्धत सर्वांत अजब होती. ते नामवंत व्यक्तींना चक्क उडी मारायला सांगत. उडी मारताना माणसाचे सारे लक्ष उडीकडे असते, त्यामुळे चेहऱ्यावरचा मुखवटा गळून पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. या छायाचित्रांचे त्यांचे पुस्तक १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मुंबईचे गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचा मार्ग संभाषणाचा होता. रसायनशास्त्राचे अध्यापन आणि जाहिरात क्षेत्रातील नोकरी यांनंतर ते व्यक्तिचित्रणाकडे वळले आणि चित्रपट, संगीत व नाट्यक्षेत्रातील असंख्य चेहरे त्यांनी टिपले. मृदू प्रकाशयोजना आणि समोरच्या व्यक्तीला मोकळे करण्याची हातोटी ही त्यांच्या कामाची ओळख होती.

उपनगरातील लहान स्टुडिओला एवढा वेळ परवडत नाही, ही यातील खरी अडचण आहे. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत असते आणि पाच मिनिटांत प्रती हातात द्यायच्या असतात. लग्नसमारंभात तर स्थिती अधिक बिकट होते. तमिळ विवाहातील स्वागतसमारंभ असो की महाराष्ट्रातील, पाहुण्यांची रांग व्यासपीठावर येते, प्रत्येक गटाला काही सेकंद मिळतात आणि वधू-वरांना दोन-तीन तास सलग हसावे लागते. गालाचा स्नायूही इतर स्नायूंसारखाच थकतो. रांग सुरू होण्यापूर्वी वधू-वरांना दहा मिनिटे बाजूला नेऊन, दोघांनाच आपसात बोलू देऊन घेतलेली छायाचित्रे अल्बममध्ये वेगळी उठून दिसतात, ती यामुळेच.

वेळ कमी असला तरी काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. मोजणी टाळावी, किंवा ‘तीन’ म्हणण्यापूर्वीच बटण दाबावे. व्यक्तीला डोळे मिटून एक मोठा श्वास सोडायला सांगावे आणि डोळे उघडताक्षणी छायाचित्र घ्यावे. त्या क्षणी चेहऱ्यावर कोणतीही तयार मुद्रा नसते. समूहात सर्वांना कॅमेऱ्याकडे पाहायला सांगण्याऐवजी आधी एकमेकांकडे पाहायला सांगावे. दोन भाऊ गंभीरपणे एकमेकांकडे पाहू लागले, की दोन सेकंदांत एकाला तरी हसू फुटते. हातांना काही काम द्यावे. रिकामे हात अवघडतात आणि तो अवघडलेपणा खांद्यांतून चेहऱ्यावर चढतो.

‘झाले’ असे म्हटल्यानंतरचा क्षण तर विशेष मोलाचा असतो. सुटकेचा निःश्वास टाकून माणूस शेजाऱ्याकडे पाहून हसतो आणि नेमका तेव्हा कॅमेरा खाली आलेला असतो. तो तसाच सज्ज ठेवून आणखी दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत.

छायाचित्रकाराचा स्वतःचा चेहराही महत्त्वाचा ठरतो. समोरच्याचे हास्य पाहून आपलेही ओठ नकळत हलतात, ही माणसाची उपजत प्रवृत्ती आहे. पण कॅमेरा डोळ्याला लावला की छायाचित्रकाराचा चेहराच झाकला जातो आणि समोरच्याला काळी काच तेवढी दिसते. तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून बाजूला उभे राहणे, किंवा मोबाइल छातीच्या उंचीवर धरून त्यावरून समोर पाहत बोलत राहणे, हे यावरचे सोपे उपाय आहेत.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र ‘हस’ हा शब्दच वर्ज्य मानावा. खाली बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन ‘अरे, तुझ्या नाकावर काय बसलंय?’ असे विचारले तरी पुरते. गंमत अशी की, पासपोर्टसाठी चार वर्षांखालील मुलांचे छायाचित्र पालकांनी सोबत आणायचे असते. त्यामुळे एरवी मुलांना हसवण्याची खटपट करणाऱ्या स्टुडिओचालकाला अशा वेळी खिदळणाऱ्या बाळाला क्षणभर गंभीर कसे करावे, हा उलटा प्रश्न सोडवावा लागतो. प्रवासी कागदपत्रांवर निर्विकार चेहरा हवा, तो यंत्राने चेहरा पडताळणे सोपे व्हावे म्हणून. हसल्याने गाल, तोंड आणि डोळे यांच्या आकारात फरक पडतो व जुळणी अवघड होते.

भाषेची भिंत

तांबरममध्ये देशाच्या विविध भागांतून आलेली माणसे राहतात. येथे भारतीय हवाई दलाचा तळ असून वैमानिकांच्या प्रशिक्षकांना घडवणारी संस्थाही आहे. १९३७ मध्ये येथे स्थलांतरित झालेल्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये अनेक राज्यांचे विद्यार्थी शिकतात. नोकरीच्या किंवा बदलीच्या निमित्ताने आलेल्या मराठी कुटुंबाला स्टुडिओत गेल्यावर आणखी एक अडचण जाणवते. हसू यावे लागते ते बोलण्यातून आणि छायाचित्रकाराची भाषा तमिळ. मुलाकडे चार महिन्यांसाठी राहायला आलेल्या आजींना ‘सिरिंगा’ कळत नाही आणि ‘स्माइल’ कळले तरी त्या पदर सावरून अधिकच ताठ बसतात.

अशा वेळी बोलण्याचे काम घरच्यांनी घ्यावे, हा उत्तम तोडगा आहे. छायाचित्रकाराने फक्त बटण सांभाळावे. मुलगा किंवा नात कॅमेऱ्याच्या अगदी लगत, भिंगाच्या उंचीवर थांबावी, म्हणजे आजींची नजर आपोआप भिंगाच्या दिशेने राहते. मग ‘आई, बाबांनी पहिल्यांदा उपमा केला होता तो आठवतो का?’ असा एखादा घरगुती प्रश्न विचारावा. उत्तर देताना त्या आधी आठवतील, मग हसतील आणि मग बोलतील. या तिन्हींच्या मधला क्षण टिपायचा असतो. त्यासाठी छायाचित्रकाराला मराठी येण्याची गरज नसते.

चेन्नईच्या हवेचाही विचार करावा लागतो. भर दुपारी उन्हात उभे केल्यास डोळे आक्रसतात. त्या वेळी आकुंचन पावतो तो डोळ्यांभोवतीचा स्नायूच. पण कपाळावर आठ्याही येतात आणि हास्याऐवजी त्रासल्याचा भाव उमटतो. सकाळची वेळ, व्हरांडा किंवा खिडकीलगतची सावली अधिक चांगली. दमट हवेत चेहरा घामाने चमकतो, त्यामुळे रुमाल जवळ असावा. डोळे लाल दिसू नयेत म्हणून काही कॅमेऱ्यांचा फ्लॅश आधी एक-दोनदा लुकलुकतो. छायाचित्र झाले असे समजून माणसे तेव्हाच चेहरा सैल सोडतात आणि खरे छायाचित्र त्यानंतर निघते. ही सोय बंद ठेवलेली बरी. मोबाइल अगदी तोंडाजवळ नेल्यास नाक मोठे आणि कान लहान दिसतात. किमान दीड-दोन मीटर अंतर राखल्यास चेहरा प्रमाणात येतो आणि समोरच्यालाही कोणी अंगावर आल्यासारखे वाटत नाही.

यंत्राने शोधलेले हास्य

हसू उमटताच आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा सोनी कंपनीने २००७ मध्ये बाजारात आणला. यंत्राने वेळ साधली, पण हसवण्याचे काम माणसाकडेच राहिले. दात दिसले की हास्य, असा यंत्राचा ढोबळ हिशेब असल्याने गालातल्या गालात हसणारे त्याच्या तावडीतून सुटत. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ या फोनमध्ये आणलेली सोय याच्याही पुढे गेली. लागोपाठ घेतलेल्या समूहचित्रांतून प्रत्येकाचा सर्वांत चांगला चेहरा निवडून तो एकाच चित्रात बसवता येऊ लागला. चेहरा त्याच व्यक्तीचा असतो, हास्यही तिचेच. परंतु सर्व जण एकाच क्षणी तसे हसले होते, असे मात्र नाही. असे समूहचित्र घरच्या आठवणींसाठी ठेवताना मूळ छायाचित्रेही पुसू नयेत, एवढी काळजी घ्यायला हवी.

ज्येष्ठांचे छायाचित्र

ज्येष्ठांच्या बाबतीत संकोचाचे मोठे कारण असते दात. काही पडलेले असतात, काही वेळा कवळी नीट बसत नाही, म्हणून हसताना हात किंवा पदर तोंडावर जातो. त्यांना दात दाखवून हसण्याचा आग्रह करू नये. मिटल्या ओठांनीही डोळे हसतात आणि वाढत्या वयात डोळ्यांलगतच्या सुरकुत्यांमुळे ते अधिक स्पष्ट दिसते. त्या सुरकुत्या संगणकावर पुसून टाकण्याची सध्या हौस आहे. तसे केल्यास हास्याची खूणच नाहीशी होते आणि उरते पुन्हा तेच हसणारे तोंड व कोरे डोळे.

काहींना हसायचेच नसते. कोणी अलीकडे जोडीदार गमावलेला असतो, कोणाचा स्वभाव मुळात अबोल असतो. त्यांचा शांत, गंभीर चेहरा हाच त्यांचा खरा चेहरा. त्यावर हसू आणण्याची सक्ती करणे म्हणजे पुन्हा कसनुसे हसू मिळवणे.

स्टुडिओत नेणे शक्य नसेल, तर घरातच, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, त्यांच्या नेहमीच्या कपड्यांत छायाचित्र घ्यावे. भाजी निवडताना, वर्तमानपत्र वाचताना किंवा नातवंडाच्या शाळेची हकीकत ऐकताना घेतलेल्या वीस-पंचवीस छायाचित्रांत एखादे तरी मनासारखे निघते. ते निवडण्याचे काम त्यांच्यावरच सोपवावे. निवडलेल्या चित्राची कागदावर प्रत काढून मागे नाव, गाव आणि तारीख पेन्सिलीने लिहावी. फोन बदलताना अशी छायाचित्रे हरवतात, म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या घरी, मुलीकडे किंवा भावाकडे, ठेवलेली बरी.